वायसरांचा हात आणि पिटूची बाटली

वायसरांचं खरं नाव कागदोपत्री होतं आणि कागद कपाटात होते. बाकी सगळ्या जगाला ते वायसर म्हणूनच ठाऊक. नळ गळायला लागला की लोक त्यांना बोलवायचे. ते यायचे, तोटीला कान लावायचे, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वायसर गेलंय." बहुतेक वेळा ते खरंच गेलेलं असायचं. नसलं तरी ते आधी तेच बदलायचे आणि मग बाकीचं बघायचे. नाव पडायला एवढं पुरे झालं.

थेंब हा त्यांचा जन्माचा वैरी. लोकांना दागिन्यांचं वेड असतं, राजकारणाचं असतं. यांना न गळण्याचं होतं. पाना हातात आला की दात ओठांवर यायचे, मानेची शीर फुगायची आणि जोडणी अशी आवळली जायची की ती पुन्हा खोलायची तर त्यांनाच बोलवावं लागायचं. हा धंद्यातला कावा आहे, असं काही लोक म्हणत. कावाबिवा काही नव्हता हो. त्या माणसाला कमी आवळता यायचंच नाही.

घरीही तीच तऱ्हा. साखरेची बरणी त्यांनी बंद केली की बायकोला बिनसाखरेचा चहा. "अहो, चोर आले तर दागिने नेतील, पण साखर काही त्यांना मिळायची नाही," असं ती म्हणायची. लेक शाळेत जायची तेव्हा तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण रोज सकाळी वायसर स्वतः लावून द्यायचे. संध्याकाळी दप्तर उघडून पुस्तकं चाचपायचे. सगळी कोरडीठाक! त्यांची छाती फुगायची. बाटली जशीच्या तशी भरलेली परत यायची, पण त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. पोरीला तहान कमी, असं ते कौतुकाने चारचौघांत सांगायचे.

तीच लेक सिझेरियनने बाळंत झाली आणि तिसऱ्याच दिवशी तापाने फणफणली. पोटात संसर्ग झाला होता. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा सलाईन, आणि औषधं इतकी जालीम की डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला आईचं दूध सध्या द्यायचं नाही. जावई रुग्णालयात बायकोच्या उशाशी बसला आणि कापडात गुंडाळलेली नात आजी-आजोबांच्या घरी आली. आजीने तिचं नाव पिटू ठेवलं. पिटुकली म्हणून पिटू. बारशाचं नाव तिच्या आईने बरं होऊन ठेवावं, असं ठरलं.

वायसरांनी पिटूला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांना आधी काही सुचलंच नाही. पाइप उचलायला सरावलेले ते हात. त्यांना वजन कळायचं, लांबी कळायची. पण या जिवाला वजनच नव्हतं, आणि तरी हात भरून आले होते. नखं होती. इतकी बारीक नखं कोणी आणि कुठल्या हत्याराने बसवली असतील? कानाच्या पाळीला वळण होतं. झोपेत तिचं तोंड आपोआप चोखल्यासारखं हलत होतं, समोर काही नसताना. "अगं, हे हिला शिकवलं कोणी?" त्यांनी बायकोला विचारलं. बायको दूध कोमट करत होती. ती म्हणाली, "तुम्हाला शिकवलं होतं का कोणी? आता मान नीट धरा."

पहिली बाटली जावयाने घाईघाईत आणलेली, साधीच होती. बायकोने दूध भरलं, निपल बसवलं, रिंग फिरवली आणि पिटूच्या तोंडाला लावली. पिटूने चार घोट घेतले आणि रिंगेच्या कडेने एक थेंब ओघळून तिच्या गळ्याच्या वळीत गेला. मग आणखी एक.

"थांब! गळतेय!" वायसर असे ओरडले की पिटू दचकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यावर लालसर पुरळ दिसलं. उन्हाळ्याने आलं असेल, कापडाने आलं असेल. वायसरांच्या लेखी गुन्हेगार ठरलेला होता. "यापुढे बाटलीचं झाकण मी लावणार," त्यांनी जाहीर केलं. नुसतं लावून ते थांबते तर कसले वायसर! पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात वापरतात तसा पांढऱ्या मऊ रबराचा तुकडा त्यांच्याकडे होता. त्यातून त्यांनी अगदी बारीक, गोल वायसर कापलं, उकळून घेतलं, रिंगेच्या आत बसवलं आणि मग आवळलं. बाटली उलटी धरून हलवली. एक टिपूस नाही. त्यांनी ती जोरात झटकली. तरी नाही. कारागिराला मिळावं तेवढं समाधान त्यांना मिळालं.

आणि इथून पिटूचं पिणं बिघडलं.

बाटली तोंडाला लागली की ती तुटून पडायची. वायसरांना हातात ती ओढ जाणवायची. त्यांनी जन्मभर पंप बसवले होते, विहिरीवरचे आणि इमारतींचे, पण एवढ्याशा गालांतून येणारी अशी ओढ त्यांनी पाहिली नव्हती. बाटली हातातून निसटते की काय असं वाटायचं. चार-सहा घोट झाले की निपल आत ओढलं जाऊन चपटं व्हायचं, कागदासारखं. वायसर बघतच राहायचे. "बघितलंस? रबर चपटं केलं पोरीने! काय ताकद आहे!" संध्याकाळी जावयाला फोनवर त्यांनी हेच सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, दूध घालायला येणाऱ्यालाही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज दबायचा, एखादा चमत्कार सांगताना दबतो तसा.

पण चपट्या निपलमधून दूध येत नाही. पिटू आणखी जोर लावायची, लाल व्हायची, मग निपल सोडून टाहो फोडायची. पुन्हा तेच. शेवटी दमून, अर्धी बाटली तशीच ठेवून झोपायची. झोपेतही तिच्या कपाळावर आठी असायची.

"बाटली बरोबर नाही," वायसर म्हणाले.

म्हणून ते बाळांच्या सामानाच्या दुकानात गेले. नळाच्या सामानाच्या दुकानात डोळे बांधून सोडलं असतं तरी त्यांनी हवा तो सांधा काढून दिला असता. इथे मात्र ते दारातच उभे राहिले. भिंतभर बाटल्या! काचेच्या, प्लास्टिकच्या, रुंद तोंडाच्या, उंच मानेच्या, मध्येच वाकलेल्या, पोटात नळी असलेल्या. दुकानातल्या ताई एकेक काढून दाखवू लागल्या.

"बाळ केवढं आहे, काका?"

वायसरांनी दोन्ही हातांचे तळवे जोडून दाखवले. "एवढं."

ताई हसल्या. "तसं नाही, वय विचारतेय मी. तान्ह्या बाळाला बारीक भोकाचं निपल. मोठं भोक घेऊ नका, ठसका लागेल. बाकी काही बाळांना रुंद बाटली आवडते, काहींना अरुंद. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शेवटी बाळच ठरवतं."

"आणि गळत नाही ना?"

"काका, सगळे आधी पोट दुखेल का विचारतात. तुम्ही पहिलेच गळण्याचं विचारणारे."

रुंद तोंडाची बाटली आली. वायसरांनी तिच्या मापाचं वायसर कापलं, आवळलं. पिटूने ओढलं, निपल चपटं, टाहो. मग काचेची आली. वायसर, आवळ, टाहो. मग वाकलेली आली. मग एक अशी आली की तिच्या निपलच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. ते बघून वायसर कडाडले, "नवीन मालाला भोक? फसवाफसवी नुसती!" आणि त्यांचं पांढरं वायसर त्यांनी त्या भोकावर अगदी नेमकं बसवलं. खिडकीत बाटल्यांची रांग लागली. बायको म्हणाली, "माझ्या लग्नात एवढी भांडी आली नव्हती." बोलणं तिखट होतं, पण तिचे डोळे सुजले होते. पिटूच्या मांड्यांवरची कातडी सैल पडायला लागली होती आणि अंघोळ घालताना ते तिच्या हाताला कळत होतं.

दवाखान्यात सिस्टरने पिटूला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. "वजन उतरलंय. परवा परत आणा. तेव्हाही वाढलं नसेल तर दाखल करून घ्यावं लागेल. नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल मग."

आयुष्यभर भिंतींतून, जमिनीतून नळ्या घालणाऱ्या माणसाला त्या एका शब्दाने घाम फुटला. पिटूच्या नाकपुड्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यात नळी? संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "बाबा, पिते ना ती?" वायसर म्हणाले, "पिते पिते. रबर चपटं करते बघ!" आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. रडण्याचा आवाज झाकायला पाणी लागतं, हे प्लंबरलाही चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या शिंप्याचा निरोप आला. गच्चीवरची टाकी भरलेली, पण घरात पाणी उचक्या देत येतंय, मधूनच बंद पडतंय. वायसर जायला तयार नव्हते. बायको म्हणाली, "जा. तुम्ही घरात येरझारा घालून पोरीचं वजन वाढणार आहे का?" पिटूला मांडीवर घेऊन ती पाचव्या प्रकारची बाटली लावत होती आणि पिटू मान फिरवत होती. आता तर बाटली दिसली तरी तिचा चेहरा रडवेला व्हायचा.

शिंप्याची गच्ची लख्ख होती. माणूस नेटका, आणि टाकीला त्याने चक्क कपडे शिवले होते. जाड रेक्झिनचा अंगरखा, अगदी मापात, कडेला डबल शिलाई, झाकणाभोवती घट्ट इलॅस्टिक. झाकणाजवळचं हवेचं भोकही त्याने चिंधी कोंबून, वरून ठिगळ लावून बंद केलं होतं.

"मागे एक पाल पडली होती आत," शिंपी अभिमानाने म्हणाला. "म्हटलं, आता मुंगीसुद्धा जाता कामा नये."

वायसरांनी अंगरखा उसवला. आत टाकी होती, पण तिचं पोट खपाटीला गेलं होतं. दोन्ही बाजू आत ओढल्या गेलेल्या, चपट्या. त्यांनी चिंधी उपटली. टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की शिंपी मागे सरकला. मग दणकन आवाज झाला, पोट बाहेर आलं, आणि खालून शिंप्याची बायको ओरडली, "आलं हो! धो धो आलं!"

वायसर खवळले. नेहमीच खवळायचे. "अहो, काय केलंत हे? टाकीला श्वास नको का घ्यायला? वरून हवा आत गेली तर खालून पाणी बाहेर येणार!"

"पण वायसर, नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना?" शिंपी हसत म्हणाला.

"माणसाचं उघडतं. हिचं नाक दाबलं की तोंड मिटतं. बिचारी जीव खाऊन पाणी सोडायला बघतेय, आणि तुम्ही तिला आवळून..."

वाक्य तिथेच राहिलं. वायसर त्या टाकीकडे बघत राहिले. खपाटीला गेलेलं पोट. चपटं रबर. त्यांच्या तोंडून हलकेच काहीतरी निघालं, ते शिंप्याला कळलं नाही. पुढच्या क्षणी ते जिना उतरत होते. पाना गच्चीवर, पकड गच्चीवर, पिशवी गच्चीवर. सगळ्या कारकिर्दीत हा माणूस कुणाच्या घरी साधा खिळा विसरला नव्हता.

वाटभर त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. दुसऱ्यांच्या टाक्यांना हवेची वाट काढून देत फिरलो आणि घरात हे! त्या सुईएवढ्या भोकाला फसवाफसवी म्हणालो. बाटलीचं नाक होतं ते. आणि पोर रबर चपटं करत होती ते काय ताकद दाखवायला? हवा मागत होती ती. मी टाळ्या वाजवत होतो.

घरी पिटू रडत होती. रडणं कसलं, आता नुसतं कण्हणं उरलं होतं. वायसरांनी बायकोच्या हातातली बाटली घेतली, रिंग फिरवली. फिरेना. स्वतःचीच आवळ त्यांना सुटेना. फडकं घेऊन, दात खाऊन त्यांनी ती उघडली, आतलं पांढरं वायसर नखाने उपसलं आणि फेकून दिलं.

"अहो, करताय काय?"

"खिडकीतली पहिली बाटली दे. जावयाने आणलेली. साधी."

बायकोने तिच्या रिंगेतलंही वायसर उपसलं, ती गरम पाण्यातून काढली, दूध भरलं, निपल बसवलं. वायसरांनी रिंग घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्या हाताला कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं. कधीच नव्हतं.

"तू लाव," ते म्हणाले. "तू लावतेस तेवढंच. चूक बाटल्यांची नव्हती गं. माझ्या हाताची होती."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. एरवी तिने या वाक्यावर महिनाभर पुरेल एवढं तोंडसुख घेतलं असतं. आता तिने दोन बोटांनी रिंग फिरवली, टेकली तिथे सोडली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "घ्या मांडीवर. तुम्हीच पाजा."

पिटूने आधी मान फिरवली. तिला अनुभव होता. वायसरांनी निपल तिच्या ओठांना नुसतं टेकवून ठेवलं. एक थेंब तिच्या जिभेवर पडला. तिने डोळे उघडले आणि ओढलं.

आणि बाटलीच्या तळाकडे एक बुडबुडा वर गेला.

लहानसा, मोहरीएवढा. मग दुसरा. मग त्यांची माळच लागली, दुधातून वर चढत जाणारी. जेवढं दूध खाली जात होतं तेवढी हवा वर येत होती, कुणी न सांगता, न मोजता. निपल टपोरं राहिलं. वायसरांनी श्वास रोखला. पिटू ओढायची, गिळायची, आणि मग नाकातून अगदी हलका श्वास घ्यायची. ओढणं, गिळणं, श्वास. एकाच गळ्यातून दोन वाटा, एक दुधाची, एक हवेची, आणि दोन्हींची झडप नेमक्या वेळी उघडते, नेमक्या वेळी मिटते. अशी जोडणी उभ्या जन्मात त्यांनी केली नव्हती, कुणी केलेली पाहिली नव्हती. ना पाना, ना वायसर, ना कुणाची देखरेख. हिने तर अजून जगाचा उजेडही धड बघितला नव्हता, आणि तिला हे सगळं येत होतं. फक्त मध्ये कुणी येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. या एका गळतीवर त्यांनी कधी काही उपाय केला नाही.

पिटूच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. मूठ उघडली. पाच बोटं बाटलीवर पसरली, मालकी सांगावी तशी. रिंगेच्या कडेने एक थेंब ओघळला. बायकोने तिच्या गळ्याखाली मऊ फडकं सारलं. एवढा सोपा उपाय होता त्या थेंबावर. बाटली रिकामी झाली तरी पिटू चोखत राहिली, आणि मग चोखता चोखता झोपली. कितीतरी वेळ वायसर हलले नाहीत. मांडीला मुंग्या आल्या तरी नाहीत.

दवाखान्यात सिस्टरने आकडा बघितला आणि नुसतं "हं, आता कसं!" म्हणून पुढच्या बाळाला हाक मारली. वायसरांनी तिला हात जोडले. तिला त्याचं कारण कळलं नाही.

लेक घरी आली तेव्हा उन्हाळा उतरला होता. वाळून काडी झालेली, पण डोळ्यांत जीव आलेला. औषधं अजून थोडे दिवस चालायची होती, म्हणून बाटली होतीच. तिने पिटूला कुशीत घेतलं आणि पाजायला लागली. पिटू पिता पिता आईकडे एकटक बघत होती, आणि आई तिच्याकडे.

एक थेंब पिटूच्या हनुवटीवर आला.

"बाबा, गळतेय," लेक म्हणाली, आणि लहानपणापासूनच्या सवयीने बाटली त्यांच्यापुढे धरली.

वायसरांनी हात मागे बांधले. "गळू दे. थोडी गळायलाच हवी. नाहीतर तिला मिळत नाही."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. हे शब्द या तोंडातून? मग तिला हसू फुटलं. टाके दुखत होते तरी आवरेना. "बाबा, हे तुम्ही मी शाळेत असताना का नाही हो म्हणालात?"

"म्हणजे?"

"माझी पाण्याची बाटली. कधीच उघडायची नाही मला. मास्तरांनासुद्धा उघडायची नाही. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं पाणी प्यायचे मी. ती आली नाही त्या दिवशी तशीच."

वायसर खाली बसले. "मग सांगितलं का नाहीस गं?"

लेकीने पिटूची हनुवटी पदराने टिपली. "तुम्ही संध्याकाळी दप्तर चाचपून किती खूश व्हायचात. पुस्तकं कोरडी म्हणून. मग नाही सांगावंसं वाटलं."

बायको दारात उभी होती. वायसर उठले, स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून ते आले, आणि चालताना पाणी सांडत होतं, फरशीवर, त्यांच्या पायांवर, चटईवर. त्यांनी खाली बघितलं नाही. पेला लेकीच्या हातात दिला आणि समोर उभे राहिले.

तिला तहान लागली नव्हती. तरी तिने पेला तोंडाला लावला, आणि सगळं पाणी पिऊन मगच तो खाली ठेवला.